बावीस घरांच्या सह्या

८ जून १९९८, सोमवार

हिशेबाची वही मागच्या बाजूनं कोरीच राहते. पुढून तेल-मीठ आणि मागून मनातलं, असं आजपासून ठरवलं. दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या की नवी वही. वेगळी डायरी विकत आणावी इतकं माझ्या आयुष्यात काही घडत नाही.

आज मात्र दोन गोष्टी घडल्या. प्रियदर्शनीला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. हे एसटी डेपोत मेकॅनिक आहेत, म्हणाले, “आमच्या डेपोत पण कॉम्प्युटर येणार म्हणतात. पोरगी मागं नको राहायला.” दुसरी गोष्ट, गॅसची टाकी आली. नंबर लावल्यापासून एकतिसाव्या दिवशी. टाकी कधी संपली, नंबर कधी लावला, कधी आली, हे सगळं मी या वहीत पुढून लिहून ठेवते. त्याआधीची अठ्ठावीस दिवसांनी आली होती, त्याआधीची चौतीस.

महिनाभर स्टोव्हच्या धुरानं आत्याबाई खोकत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, बनाबाई, मूळच्या औंधच्या. टाकी दारात दिसली तशी त्यांनी औंधच्या दिशेनं हात जोडले. आम्हाला धम्म स्वीकारून बेचाळीस वर्षं झाली, पण सुटका झाली की आत्याबाईंचे हात यमाईकडे आपोआप उठतात. मी त्या वेळी दुसरीकडे बघते.

२६ जून, शुक्रवार

प्रिया क्लासमध्ये रमली. क्लास वरच्या मजल्यावर आणि खाली नानासोंची गॅस एजन्सी. तीच ती, जिथून आमची टाकी येते. क्लासच्या सरांनीच एजन्सीला नंबरांचा कॉम्प्युटर लावून दिलाय आणि खिडकीतून वायर खाली सोडलीय, म्हणजे काही बिघडलं तर सरांना वर बसून दुरुस्त करता येतं. माणूस जिना न उतरता खालचं काम करतो, हे ऐकून मला सरांचं कौतुक वाटलं.

जेवताना पोरगी एकटीच हसत होती. विचारलं तर म्हणाली, “काही लोक दाराला मोठं कुलूप लावतात आणि किल्ली रोज गावातनं मिरवत नेतात.”

“कोण गं असं?”

“आहे एक स्कूटरवाला.”

तरुण पोरगी स्कूटरवाल्याचं नाव काढून हसते म्हटल्यावर मी हातातला घास ताटात ठेवला. ह्यांना अजून सांगितलं नाही. लक्ष ठेवायला हवं.

९ जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. विहारात वंदना झाली. भंतेजी म्हणाले, तीन महिने प्रत्येकानं स्वतःला एक शिस्त लावून घ्या. मी दुपारचा चहा सोडला.

१८ जुलै, शनिवार

लिहिताना माझाच विश्वास बसत नाही. दहा तारखेला टाकी संपली, त्याच दिवशी नंबर लावला आणि आज आठव्या दिवशी टाकी दारात. टाकी आणणारा सिद्धू पण म्हणाला, “ताई, तुमचं नशीब लय जोरावर दिसतंय.”

धम्मात नवस नाही, चमत्कार नाही, हे मला ठाऊक आहे. पण चहा सोडला नऊ तारखेला आणि एकतिसाचे आठ झाले दहा तारखेपासून. मी काही म्हणत नाही. फक्त तारखा लिहिते.

आत्याबाई म्हणाल्या, “यमाईनं ऐकलं बग.” मी म्हटलं, “वर्षावासाचं आहे हे.” आमचं दोघींचं चाललेलं ऐकून प्रियाला इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

२ ऑगस्ट, रविवार

आमच्या गल्लीचे दिवस पालटलेत. शेजारच्या झुबेदाभाभींची टाकी पाचव्या दिवशी आली. त्यांची सून सुमैरा बाळंतीण होऊन दहा दिवस झालेत, पाणी तापवायला गॅस हवाच होता. भाभी म्हणाल्या, “अल्लाची मेहेर.” म्हणजे आता तिघी झालो. कुणाचं ऐकून टाकी येते ते टाकीलाच ठाऊक.

मंडईत सुलाबाई मास्तरीण भेटल्या. रिटायर होऊन एकट्या राहतात आणि नर्सिंगच्या चार पोरींना जेवण घालतात. त्यांची टाकी एकोणचाळीस दिवस झाले तरी नाही. स्टोव्हला पंप मारून मारून मनगट सुजलंय, आताच चुना दिलेल्या भिंती काळ्या झाल्यात. मी त्यांना म्हटलं, थोडी साधना वाढवा. त्यांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं.

घरी हे सांगितलं तर प्रिया अर्धी भाकरी टाकून उठली. अन्न टाकायची सवय तिला कधीपासून लागली कोण जाणे.

८ ऑगस्ट, शनिवार

पेपरात बातमी होती. कुठल्याशा मोठ्या शहरात एका कॉलेजच्या पोरानं बँकेचा कॉम्प्युटर लांबूनच उघडला. घेतलं काहीच नाही, नुसता उघडला. मी म्हटलं, अशांना हातकड्या घालून हळदीच्या पेठेतनं फिरवलं पाहिजे. पुन्हा कॉम्प्युटरला शिवता कामा नये.

प्रिया म्हणाली, “आई, आणि त्याला चांगल्या कामाला लावलं तर?”

“चांगलं शिकवलं म्हणूनच तर कुलूप उघडलं ना त्यानं?”

“पण वय काय त्याचं...”

“वय असंच असतं. आज सोडलं की उद्या डोक्यावर बसतो.” वादात मी जिंकले.

२९ ऑगस्ट, शनिवार

(हे कॅलेंडरच्या जुलैच्या पानामागं लिहितेय, वही परत आली की डकवीन.)

टाकी परवा सहाव्या दिवशी आली. मला राहवेना. लोक एजन्सीत जातात ते भांडायला. आपण एकदा कौतुक करायला जावं म्हणून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि वही घेऊन गेले. नानासो फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून नोकरीतच आहेत. मी वही उघडून दाखवली. पूर्वी चौतीस, अठ्ठावीस, एकतीस. आता आठ आणि सहा. म्हटलं, “तुमच्या कॉम्प्युटरचा गुण आहे हा.”

त्यांनी चष्मा लावला. मग काढून पुसला आणि परत लावला. सिद्धूला हाक मारली. सिद्धू म्हणाला, “व्हय मालक, ह्यांच्या गल्लीत जाऊन जाऊन माझी चाकं झिजली.”

नानासोंनी लाडू घेतला नाही, पण वही मागून घेतली. दोन दिवस ठेवतो म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं लिहिणं उपयोगी पडतं, याचं समाधान वाटलं. घरी आल्यावर प्रियाला सांगितलं तर ती खालीच बसली. उन्हानं असेल, लिंबू-सरबत दिलं.

२ सप्टेंबर, बुधवार

वही मिळाली. कशी मिळाली ते जमेल तसं लिहिते.

काल संध्याकाळी पाच वाजता नानासोंनी आम्हा तिघांना एजन्सीत बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती. पुढून नाही. मागून.

“ताई, साहेब, बसा. पोरी, तू उभी ऱ्हा,” नानासो म्हणाले. “तारखा जुन्या पावत्यांशी लावून बघितल्या. तुमची टाकी दुसऱ्यांच्या डोक्यावरनं उडी मारून आली. मला वाटलं मशीनची गलती. मग वही हातातनं पडली, ती उलटी, न् हे पान वर आलं.” आणि त्यांनी सव्वीस जूनचं वाचून दाखवलं. कुलूप, किल्ली, स्कूटरवाला.

“आमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हंजे माझ्या स्कूटरचा नंबर. ही गोष्ट मला न् सरांना, दोघांनाच ठावं.”

“आणि स्कूटर बघणाऱ्या सगळ्या सांगलीला,” प्रिया पुटपुटली. मी तिला चिमटा काढला, पण तेवढ्यात सगळं कळून चुकलं.

मग ती बोलली. वरच्या क्लासमधून तिनं सहज नंबर टाकून बघितला आणि खालची यादी समोर उघडली. सगळ्यात आधी आजीच्या खोकल्याची आठवण झाली, म्हणून आमचं नाव वर ओढलं. मग सुमैराचं. मग गल्लीतली आणखी सात घरं. “प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंच शेवटचं. पण उघडतंय म्हटल्यावर थांबवत नव्हतं.” नऊ घरं पुढं गेली तशी बावीस घरं मागं ढकलली गेली. त्यांची नावं नानासोंनी कागदावर काढली होती. तिसरं नाव सुलाबाई मास्तरीण.

हे तर उठून तिला मारायलाच निघाले. नानासोंनी हात आडवा केला. “मारहाण न्हाई. जे काय व्हायचं ते कायद्यानं. फौजेत असती तर कोर्ट मार्शल झालं असतं. पोलीस चौकी चौकात हाय. एकाला माफ केलं की दहा तयार होतात.”

“अवो, पोरीचं जन्माचं नुकसान हुईल,” हे म्हणाले. रागावले की ह्यांची गावाकडची बोली बाहेर येते, घाबरले तरी येते.

नानासोंनी वहीचं दुसरं पान काढलं. आठ ऑगस्ट. “ताई, तुमचंच मत वाचतो. हातकड्या घालून हळदीच्या पेठेतनं फिरवलं पाहिजे. पुन्हा कॉम्प्युटरला शिवता कामा नये. आता बोला. तुमच्या लेखी शिक्षा देऊ?”

खरं लिहिते, क्षणभर वाटलं की म्हणावं, हे अक्षर माझं नाही. पण दर रविवारी पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाही आणि न दिलेलं घेणार नाही. त्यातलं घेणं तर दीड महिना माझ्याच चुलीवर चाललं होतं.

मी म्हटलं, “मीच लिहिलंय. तेव्हा ते पोर दुसऱ्याचं होतं.”

सिद्धू दारात टाकीवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

मग मला पवारणा आठवली. वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांसमोर हात जोडून बसतात आणि म्हणतात, माझी जी चूक तुम्ही पाहिली, ऐकली, जिची शंका आली, ती मला तोंडावर सांगा. मोठे भंतेसुद्धा सगळ्यात लहान भिक्खूसमोर बसतात. मी नानासोंना हे सांगितलं. म्हटलं, “नुकसान तुमचं कमी झालं, बावीस घरांचं जास्त झालं. पोरीला त्यांच्या दारात उभी करा. ती काय केलं ते सांगेल, ते काय म्हणतील ते ऐकेल. शिक्षा त्यांना ठरवू द्या.”

“आमच्यात याला दरबार म्हणायचे,” नानासो म्हणाले. “जवान पलटणीच्या सीओसाहेबाला तोंडावर तक्रार सांगायचा.” मिशीवरून दोनदा हात फिरवला. “ठीक. बावीस घरं, बावीस सह्या. प्रत्येकानं लिहून द्यायचं की माफ केली. एकानं जरी न्हाई म्हटलं, तरी मी चौकीवर जाणार. महिनाअखेरपर्यंत.”

निघताना वही दिली. म्हणाले, “बाकीचं वाचलं न्हाई.” वाचलंय. स्कूटरवाल्याबद्दल मला जी शंका आली होती, ती आठवून त्यांच्या मिशा हलत होत्या.

३ सप्टेंबर, गुरुवार

गॅसची शेगडी धुऊन फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली. मागच्या दोन्ही वेळा मिळून आमच्या घरानं साधारण अठ्ठेचाळीस दिवस चोरले. तेवढे दिवस स्टोव्ह. आत्याबाईंना धूर नको म्हणून त्यांची खाट झुबेदाभाभींच्या ओट्यावर टाकली. भाभींनी ऐकलं तेव्हा त्यांनीही शेगडी बंद केली. मी म्हटलं, तुम्ही कशाला, घरात बाळंतीण आहे. तेव्हा सुमैराचं पाणी तेवढं गॅसवर, बाकी सगळं स्टोव्हवर असं ठरलं. आत्याबाई मला म्हणाल्या, “यमाईला ह्यात वढू नगंस, तिनं काय केलं न्हाई.”

११ सप्टेंबर, शुक्रवार

सिद्धूच्या हातगाडीबरोबर प्रिया आणि मी घरोघर फिरतोय. गाडीवर टाक्या, मागं आम्ही. हातकड्या नाहीत एवढंच. आज हळदीच्या पेठेतून गाडी गेली तेव्हा मी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

एकवीस सह्या झाल्या. चौथ्या घरी एका बाईनं तासभर झापलं आणि मग चहा दिला. माझा वर्षावास, म्हणून माझाही प्रियालाच प्यावा लागला. एका वकिलांनी कलमं सांगितली आणि सही केली. गुळाचे एक अडते म्हणाले, “माफ केलं. आता पुढच्या महिन्यात आमचं नाव जरा वर घे की.” प्रियानं हात जोडले. “मग शेवटून पहिलं तरी कर,” असं म्हणून तेच हसले. एका आजोबांना माफी कशाबद्दल तेच कळेना. त्यांचं रेशनकार्डावर नाव चुकलंय, ते दुरुस्त करून दे म्हणाले. तो अर्ज प्रियानं तिथंच बसून लिहून दिला.

दर घरातून बाहेर पडताना पोरगी आधीपेक्षा बारीक होऊन येते असं मला वाटतं. ह्यांना वाटतं उंच होऊन येते.

राहिल्या सुलाबाई.

१२ सप्टेंबर, शनिवार

सुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जुनी टाकी त्रेचाळिसाव्या दिवशी मिळाली होती, तीही कालच संपली. आता पुन्हा नंबर लावलाय. प्रियाला त्या काही बोलल्या नाहीत. मला बोलल्या.

“एकतिसाचे आठ झाले आणि तुम्ही साधनेला लावलंत. मॅट्रिकला गणित होतं ना?”

“होतं.”

“किती मार्क?”

मी सांगितले. त्या म्हणाल्या, “मग अक्कल होती. बघायचं नव्हतं.”

हे मला लागलं. रात्रभर विचार केला असता, पण दिवसभर पंप मारून झोप चांगली लागते.

सही केली नाही. म्हणाल्या, “विचार करते. तोवर रोज सकाळी सातला ये. स्टोव्ह पेटवून द्यायचा. माझ्या मनगटात पंप मारायचा जोर राहिला नाही, तो कुणामुळं तुला माहीत आहे.”

१८ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिया रोज जाते. पहिल्या दिवशी भुवया जाळून आली. आता स्टोव्हला पिन मारता येते, काकडा लावता येतो, चार पोरींचा भात चढवून मग कॉलेजला जाते. सुलाबाई सहीचं नाव काढत नाहीत. महिनाअखेर बारा दिवसांवर आलीय.

नानासोंनी पासवर्ड बदलला. काल प्रिया एकविसाव्या घरची सही द्यायला गेली होती, तेव्हा त्यांच्या टेबलावरच्या फोटोकडे बघून म्हणाली, “नानासो, नवा पासवर्ड नातवाची जन्मतारीख ठेवू नका. केकवरच लिहिलीय.” नानासोंनी आधी फोटो पालथा केला. मग तिला समोर बसवून तासभर विचारत राहिले, आणखी कुठं कुठं उघडं आहे. सर म्हणाले, “चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय.” नानासो म्हणाले, “किल्ल्या तिच्याकडं आधीच हायत. मी फक्त मोजून घेतोय.”

तिच्याच सांगण्यावरून आजपासून एजन्सीबाहेर फळा लावलाय. रोजची यादी खडूनं लिहायची, म्हणजे कुणाचं नाव हललं तर रस्त्यावरच्या माणसालाही दिसेल. लिहायचं काम तिचंच.

२३ सप्टेंबर, बुधवार

आज मीही तिच्याबरोबर सुलाबाईंकडे गेले. म्हटलं, हात जोडावेत, सात दिवस राहिलेत. माझ्या पोरीचं पुढचं सगळं त्या एका सहीवर अडलंय.

प्रिया स्टोव्हपाशी बसली होती. सुलाबाईंनी कागद काढला, पेन उघडलं आणि म्हणाल्या, “फळा बघितला मी. माझ्या आधी सतरा नावं आहेत. तुला तर एक बटण दाबायचं काम. आज माझा नंबर वर घे, मी आज सही करते. तुझी सुटका, माझी सुटका. तुझ्या आईसमोर सांगते, कुणाला बोलणार नाही.”

इथं मी खरं लिहिणार आहे, नाहीतर ही वही कशाला. माझ्या मनात आलं, दाब बाई. एकदाच. सतरा माणसांना एक दिवस उशीर झाला तर काय होतंय. मी तसं तिच्याकडे बघितलंही.

प्रियानं पंप मारणं थांबवलं नाही. “नाही घेता येणार, बाई.”

“पुन्हा विचार कर. तीस तारखेला नानासो चौकीवर जातील.”

“जाऊ देत. त्या सतरामध्ये एका घरी लग्न आहे. एक माणूस दवाखान्यातनं आलाय. फळ्यावर मी नावं लिहिते ना, आता मला माणसं माहीत झालीत. आधी नुसते नंबर होते.”

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सुलाबाईंनी कागद ओढला आणि सही केली. पूर्ण नाव, तारीख, खाली रेघ. कागद माझ्या हातात दिला आणि प्रियाला म्हणाल्या, “भात बघ, करपेल.”

सही त्यांनी का केली ते मला कळलं नाही. नंबर तर वर घेतलाच नव्हता. वय झालंय, रागावल्या होत्या ते विसरल्या असतील.

कागद तसाच एजन्सीत नेऊन दिला. नानासोंनी बावीसही सह्या मोजल्या, परत मोजल्या आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावला. म्हणाले, “ताई, दिवाळीनंतर पोरीला संध्याकाळचे दोन तास आमच्याकडं पाठवा. शिकाऊ म्हणून. पगार लावतो.” हे ऐकायला नव्हते, नाहीतर तिथंच डोळे पुसले असते. मी पुसले नाहीत. घरी येऊन पुसले.

२४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सव्वासहाला बघते तर प्रिया वेणी घालून चपला घालतेय.

म्हटलं, “अगं, सही झाली की काल. आता कशाला?”

“अजून सोळा घरं आहेत त्यांच्या आधी,” म्हणाली आणि माझ्या ओट्यावरची काडेपेटी घेऊन गेली.